वाचनालयासाठी दोन मिनिटे

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



नगरपालिकेच्या आवारात मोटार उभी आहे. मोटारीच्या दारावर हात ठेवून नगराध्यक्ष उभे आहेत आणि समोर हातात फाइल घेतलेले वाचनालयाचे चिटणीस. हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावयास मिळते. "बोला, दोन मिनिटं आहेत," असे नगराध्यक्ष म्हणतात आणि चिटणीस बोलू लागतात. ग्रंथ हे माणसाचे खरे मित्र, वाचनाने मन सुसंस्कृत होते, वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे, संस्थेला शंभर वर्षांची उज्ज्वल परंपरा आहे, अनेक थोर पुढाऱ्यांचे पाय या वास्तूला लागले आहेत. एवढ्यात दोन मिनिटे संपतात. नगराध्यक्ष मान डोलावतात, "निवेदन द्या" म्हणतात आणि मोटार निघून जाते. निवेदन दिले जाते, त्याची पोच मिळते, आणि बालविभागावरचा गळका पत्रा पुढल्या पावसाळ्यातही गळतच राहतो.

चिटणीसांच्या बोलण्यात असत्य काहीच नव्हते. संस्था जुनी आहे, ग्रंथ थोर आहेत, वाचन घटते आहे हेही पुष्कळ अंशी खरे. उणीव एवढीच, की ते सारे ऐकल्यावर ऐकणाऱ्याला करण्याजोगे काही उरले नव्हते. थोरवीपुढे माणूस हात जोडतो, तिजोरीची किल्ली काढत नाही. वाचनालयाचे गावाच्या दृष्टीने मोल काय, हे थोडक्यात, उभ्या उभ्या, समोरच्या माणसाला पटेल असे कसे सांगावे, हा आजचा विषय आहे. ज्या चळवळीत तीन-तीन तासांची बौद्धिके सतरंजीवर पायाला मुंग्या येईपर्यंत ऐकण्याची परंपरा आहे, तिच्या कार्यकर्त्यांना तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ का नाही, हे समजण्यासाठी आपल्याकडील वाचनालये कोणाच्या पैशावर उभी राहिली आणि आज कोणाच्या पैशावर चालतात, हे आधी पाहावे लागते.

महाराष्ट्रातील वाचनालये जन्माला आली ती वर्गणीतून. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. पुण्याच्या संस्थेचे मूळ नाव 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे होते, आणि त्या धर्तीच्या संस्था पुढे ठिकठिकाणी निघाल्या. इंग्रज अधिकारी आणि नवशिक्षित एतद्देशीय गृहस्थ यांनी वर्गणी काढावी, पुस्तके व वृत्तपत्रे मागवावीत आणि वर्गणीदारांनी ती वाचावीत, असा तो व्यवहार होता. त्या काळाच्या मानाने हे पाऊल मोठे होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु वर्गणीदारांचे वाचनालय आणि गावाचे वाचनालय यांत अंतर राहिले, आणि ते अंतर वर्गाचे होते तसेच जातीचेही होते. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना आजही कित्येकांचा पाय अडखळतो, त्याचे मूळ तेथे आहे.

दुसरा मार्ग बडोदे संस्थानाने दाखविला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला पाचारण केले आणि राज्याच्या खर्चाने, वाचकाकडून मोबदला न घेता चालणारी वाचनालये गावोगाव उघडण्याची योजना हाती घेतली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. वाचन ही शिक्षणाप्रमाणेच राज्याची जबाबदारी आहे, हा विचार हिंदुस्थानात प्रत्यक्षात उतरला तो असा. पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयविषयक कायदा केला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. मद्रास प्रांताने १९४८ साली आणि म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, १९६५ साली कायदा केला. या दोन्ही कायद्यांत मालमत्तेवरील कराला जोडून ग्रंथालयासाठी वेगळा उपकर बसविण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्यात उपकर नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालये चालवावीत, शासनाने त्यांना मान्यता द्यावी, त्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावावी आणि प्रतीप्रमाणे अनुदान द्यावे, अशी ही रचना आहे.

या रचनेचे गुण आहेत. लोकांनी उभ्या केलेल्या संस्था सरकारजमा झाल्या नाहीत, त्यांचे वेगळेपण टिकले, आणि राज्यात मान्यताप्राप्त वाचनालयांची संख्या सुमारे १२,००० पर्यंत गेली. उपकर आला म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. कर्नाटकात उपकर गोळा होतो, पण स्थानिक संस्था तो ग्रंथालय खात्याकडे वेळेवर वळता करीत नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. तरीही एक फरक उरतो आणि तो मूलभूत आहे. ज्याने घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी चार पैसे भरले आहेत, तो वाचनालयाच्या दारात येऊन "दार बंद का?" असे विचारू शकतो. आपल्याकडील नागरिकाला तो प्रश्न सुचतच नाही. त्याच्या लेखी वाचनालय म्हणजे काही सज्जन मंडळींनी चालविलेले सत्कार्य. चालले तर बरे, बंद पडले तर हळहळावे.

सत्कार्य म्हणून चालणाऱ्या गोष्टीला पैसा किती मिळतो, हेही पाहण्यासारखे आहे. अनुदानात २०१२ साली वाढ झाली. त्यानंतर दहा वर्षे 'ड' वर्गाच्या, म्हणजे बहुतेक लहान गावांतील वाचनालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. २०२२ च्या अखेरीस शासनाने ६० टक्के वाढ केली, तेव्हा हा आकडा ४८,००० वर गेला. टक्केवारी ऐकावयास चांगली वाटते. बारांनी भागले तर महिन्याला ४,००० रुपये होतात. त्यांत ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, विजेचे बिल आणि केरसुणी. या रकमेत जो माणूस रोज संध्याकाळी कुलूप काढतो, त्याला नोकर म्हणावे की देणगीदार, याचा विचार करावा लागेल.

तेव्हा कायद्याने जे दिले नाही, ते लोकांच्या मनात निर्माण करावयाचे आहे. वाचनालय माझे आहे, ते उघडे असणे हा माझा हक्क आहे, ही भावना. ती व्याख्यानमालेने निर्माण होत नाही, कारण व्याख्यानाला येतो तो मुळात वाचनालयाचा माणूस. ती होते भाजीच्या गाडीपाशी, एसटीच्या रांगेत, शाळेच्या दारात, दवाखान्याच्या बाकावर.

येथे कोणी म्हणेल, कायदा भक्कम करून घ्या, मग बोलण्याची गरज उरणार नाही. ब्रिटनचा अनुभव वेगळा आहे. तेथे १९६४ च्या कायद्याने ग्रंथालयसेवा पुरविणे हे स्थानिक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य ठरले. तरीही २०१० नंतरच्या दशकात काटकसरीच्या नावाखाली सुमारे ८०० वाचनालये बंद पडली. ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेट या परगण्यांतील कपातीची योजना मात्र उच्च न्यायालयाने २०११ साली बेकायदा म्हणून रद्द केली. आधार कोणता? वाचनालये बंद केल्याने वृद्ध, अपंग आणि दुर्बल घटकांवर काय परिणाम होईल याचा विचार करणे कौन्सिलांवर बंधनकारक होते, आणि तो त्यांनी नीट केलेला नव्हता. ग्रंथांच्या महतीवर कोणी युक्तिवाद केला असता तर न्यायाधीशांनीही बहुधा मान डोलावली असती. वाचनालयाची गरज नेमकी कोणाला आहे, हे सांगता आले म्हणून दावा टिकला.

आता मोलाचा प्रश्न. कार्यकर्त्यांच्या तोंडी एक हिशेब नेहमी येतो आणि तो आकर्षक आहे. समजा, एका कादंबरीची किंमत ४०० रुपये. घरात ती एकदा वाचली जाते आणि कपाटात जाते. वाचनालयात तीच प्रत चाळीस जणांनी नेली, तर एका वाचनाला दहा रुपये पडतात. महिन्याला चार पुस्तके नेणारा सभासद वर्षाकाठी किती रुपये वाचवितो, हे सहज काढता येते. अमेरिकेतील काही ग्रंथालयांनी तर यासाठी तयार कोष्टकेच केली आहेत. वाचकाने नेलेल्या पुस्तकांचे आकडे भरावेत आणि बाजारभावाने किती रक्कम झाली ते पाहावे.

नोकरदार माणसाशी बोलताना हा हिशेब उपयोगी पडतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यात एक मोठी चूक दडलेली आहे आणि ती समाजवादी कार्यकर्त्याने तरी करू नये. बचत कोणाची होते? ज्याने ते पुस्तक एरवी विकत घेतले असते त्याची. ज्या शेतमजुराच्या मुलाने ४०० रुपयांचे पुस्तक उभ्या आयुष्यात विकत घेतले नसते, त्याची बचत या हिशेबाने शून्य येते. म्हणजे ज्याला वाचनालयाची सर्वांत अधिक गरज, त्याच्या बाबतीत वाचनालयाचे मोल सर्वांत कमी, असा उफराटा निष्कर्ष निघतो. बाजारभावाने मोजले की असेच व्हावयाचे; कारण बाजाराला मागणी दिसते ती खिशात पैसे असलेल्याची. त्या मुलाच्या हाती पुस्तक पडले याचे मोल त्याने वाचविलेल्या रुपयांत नाही. जे दार त्याला कधीच उघडले नसते ते उघडले, यात आहे, आणि त्याची किंमत त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

याचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसत असे. त्याच बागेत येणाऱ्या एका शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. शिक्षक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर आणि विद्यार्थी भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी त्याची चौकशी केली, वाचावयास पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळविण्याच्या कामीही ते मध्यस्थ झाले. ज्या राजाने गावोगाव विनामूल्य वाचनालये काढली त्याच राजाची ही शिष्यवृत्ती. केळुसकरांनी त्या मुलाला वाचनाचे महत्त्व सांगितले नाही. ते त्याला आधीच कळलेले होते. त्याला काय हवे आहे ते त्यांनी विचारले आणि जे आपल्या हाती होते ते दिले. आंबेडकरांनी पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून, हेही सर्वश्रुत आहे. एका खोलीतून बागेत आलेल्या त्या मुलाला जागेची किंमत ठाऊक होती.

बागेतली ती अडचण आज संपलेली नाही. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले-मुली तालुक्यांच्या गावी हजारोंनी आहेत, आणि खासगी अभ्यासिकांचा एक व्यवसायच उभा राहिला आहे. टेबल, पंखा, दिवा आणि शांतता या चार वस्तू महिन्याच्या भाड्याने मिळतात. भाजी विकणाऱ्या बाईच्या मुलीला त्या परवडत नाहीत. वाचनालयाच्या कार्यकर्त्याने या बाईशी बोलावे कसे? 'वाचाल तर वाचाल' असे सांगू नये. तिला वाचण्यापेक्षा आज संध्याकाळपर्यंत मेथीच्या जुड्या संपविण्याची काळजी आहे. मेथी घेता घेता विचारावे :

"मावशी, मुलगी अभ्यासाला कुठं बसते?"

"कुठं बसणार? खोली एकच. हे आले की टीव्ही लागतो. रात्री सगळे निजल्यावर बसते बिचारी."

"वाचनालयात वरच्या मजल्यावर अभ्यासाची जागा आहे. सकाळी सातला उघडते. मुली बऱ्याच येतात. उद्या तिला घेऊन या, बघून तरी जा."

"पैसे किती?"

एवढेच. या चार वाक्यांत कार्यकर्ता बोलला थोडे. बाईच अधिक बोलली, आणि तिच्या बोलण्यातूनच कळले की वाचनालयाने तिला काय द्यावे. ग्रंथालयशास्त्राचे भारतातील प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळण्याविषयीचा एक आहे आणि वाचकाचा वेळ वाया न दवडण्याविषयीचाही एक आहे. ते लिहिले गेले ग्रंथपालासाठी. प्रचारकाला ते तितकेच लागू पडतात. ज्याचे जे काम आहे तेच त्याला सांगावे, आणि लवकर सांगावे. मेथीवालीला हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह दाखवू नये. निवृत्त शिक्षकाला तो अवश्य दाखवावा. रोजगाराच्या शोधातील तरुणाला वर्तमानपत्रांचा वाचनकक्ष दाखवावा. मान्यताप्राप्त वाचनालयात हा कक्ष सर्वांना विनामूल्य खुला असावा लागतो, ही गोष्ट कित्येक गावकऱ्यांना माहीतच नसते. ती सांगावयास दहा सेकंद लागतात.

तिचा शेवटचा प्रश्न, "पैसे किती?", तूर्त बाजूस ठेवू. त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता मोटारीपाशी उभ्या असलेल्या नगराध्यक्षांकडे वळू. तेथेही तीच दोन मिनिटे आहेत. चिटणीसांनी असे बोलून पाहावे : "साहेब, मुलांच्या खोलीचा पत्रा गळतो. मागच्या वर्षी पावसाळाभर खोली बंद ठेवावी लागली. रोज तीसेक मुलं येत होती, नोंदवही बरोबर आणली आहे. त्यांतली बारा स्टेशनमागच्या वस्तीतली. दुरुस्तीचा अंदाज काढून ठेवला आहे. या अंदाजपत्रकात एक ओळ घालता येईल का? शनिवारी पाचला मुलं असतात. दहा मिनिटं येऊन जा." यात एक माहिती आहे, ती कोणाची हे आहे, आणि एक मागणी आहे. नगराध्यक्षांना 'हो' किंवा 'नाही' म्हणावेच लागते. 'निवेदन द्या' म्हणण्याची सोय फारशी उरत नाही, कारण कागद समोरच आहे. शिवाय हे बोलणे वेळेवर व्हावे. नगरपालिकेचे अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारीअखेर मंजूर होते. मार्चमध्ये केलेले अत्युत्तम भाषणही वर्षभर उशिरा पोचते.

यासाठी नोंदवही खरी हवी. आकडे फुगविण्याचा मोह संस्थांना होतो. अनुदानासाठी, तपासणीसाठी, कधी नुसत्या लौकिकासाठी. तीस मुले आहेत म्हणून सांगावे आणि नगराध्यक्ष शनिवारी आले असता सहा दिसावीत, याने एका वाचनालयाचेच नुकसान होत नाही. पुढल्या गावच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. सहा असतील तर सहा सांगावीत, आणि ती सहा कोण आहेत हे सांगावे.

या साऱ्या संभाषणांत एक आक्षेप हटकून येतो : "आता सगळं मोबाइलवर मिळतं." तो ऐकताच जुन्या पिढीचा कार्यकर्ता मोबाइलला शिव्या देऊ लागतो आणि तरुण ऐकणारा त्याच क्षणी उठून जातो. हा वाद घालू नये. मोबाइलवर पुष्कळ मिळते, हे मान्य करावे. ग्रंथपालही तो वापरतो. मग विचारावे, की मुलीच्या अर्जाची शेवटची तारीख मोबाइलवर मिळाली, पण अर्ज भरताना अडले तेव्हा कोणाला विचारले? आजोबांच्या वेळच्या धरणग्रस्तांच्या लढ्याची बातमी मोबाइलवर सापडली का? तालुक्याच्या जुन्या साप्ताहिकाची बांधीव फाइल वाचनालयाच्या माळ्यावर असते आणि तिला वाळवी लागत असते. पाच जणांच्या घरात मोबाइल एकच असेल तर तो कोणाच्या हाती असतो? बहुधा मुलीच्या नसतो. यांतील एखादाच प्रश्न, समोरच्याची परिस्थिती पाहून. आणि त्याचे उत्तर 'नाही, मोबाइलच पुरतो' असे आले तर तेही ऐकून घ्यावे. प्रत्येकाला वाचनालय लागतेच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. ज्याला लागत नाही त्याचेही मत नगरपालिकेत असते आणि त्याने विरोधात बोलू नये, एवढे साधले तरी काम झाले.

ही संभाषणे झाली नाहीत तर काय होते, याचा दाखला अलीकडचाच आहे. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सारे बंद झाले आणि वाचनालयेही बंद झाली. ते आवश्यकच होते. पुढे टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू झाले. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि मद्यपानगृहे ५ ऑक्टोबर २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली. ग्रंथालयांना ती १५ ऑक्टोबरपासून मिळाली. अंतर दहा दिवसांचे आहे आणि त्यावरून फार मोठा आक्रोश करण्याचे कारण नाही. पण क्रम बोलका आहे. उपाहारगृहांच्या मालकांना आपल्या व्यवसायावर किती लोकांचे पोट आहे आणि दिवसाला किती बुडते, हे मंत्र्याला दोन मिनिटांत सांगता येत होते. वाचनालयांच्या चालकांपाशी परंपरा होती. त्या सात महिन्यांत अभ्यासाची जागा गेली म्हणून किती मुली घरी बसल्या, हा आकडा कोणापाशीही नव्हता, कारण तो ठेवावा असे कोणाला वाटलेले नव्हते.

केरळचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. पी. एन. पणिक्कर हे शाळामास्तर. १९२६ साली त्यांनी आपल्या गावी एक वाचनालय काढले आणि १९४५ साली ४७ वाचनालयांचा मिळून ग्रंथशाला संघ स्थापन केला. पुढची कित्येक वर्षे हा माणूस गावोगाव हिंडत राहिला. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या संघाने राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पदयात्रा काढली. तिची घोषणा दोनच शब्दांची होती, आणि तिचा आशय वाचण्याचा नि वाढण्याचा होता. घोषणेपेक्षा महत्त्वाचे हे, की पदयात्रेत माणूस थांबतो, पाणी मागतो, ओट्यावर टेकतो आणि घरातल्या बाईशी चार शब्द बोलतो. साक्षरतेचे वर्ग वाचनालयाच्या ओसरीवर भरू लागले ते अशा बोलण्यातून. केरळात १९८९ साली कायदा झाला तेव्हा त्यात उपकर आला आणि वाचनालयांच्या प्रतिनिधींनी निवडलेली परिषदही आली. तेथे आधी लोक आले आणि मागाहून कायदा. महाराष्ट्रात कायदा होऊन अर्धशतक उलटले. लोक यावयाचे आहेत.

आता त्या मेथीवालीच्या प्रश्नाकडे. "पैसे किती?" असे तिने विचारले तेव्हा कार्यकर्ता बहुधा गोंधळतो. वर्गणी अमुक, अनामत अमुक, प्रवेशशुल्क अमुक, अभ्यासिकेचे वेगळे, आणि "ते काय, मंडळी ठरवतात, तुम्ही या तर खऱ्या." येथे संभाषण संपते. बाई पुन्हा येत नाही. पोट हातावर असलेल्या माणसाला महिन्याचे तीस-चाळीस रुपये जड नसतात, एकदम भरावयाची अनामत जड असते. आणि किती भरावे लागेल हे ठाऊक नसताना पायरी चढणे त्याहून जड. पुस्तक परत आले नाही तर काय, ही संस्थेची भीती रास्त आहे. पण तिच्यावर उपाय आहेत. दोन जुन्या सभासदांनी जामीन राहावे, अनामत चार हप्त्यांत घ्यावी, किंवा अभ्यासिकेपुरती ती घेऊच नये. तेथून पुस्तक घरी जात नाही, मग अनामत कशाची?

तेव्हा जूनमध्ये शाळा सुरू होताच मोहीम काढावयाची असेल, तर मे महिन्याच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत हा एकच विषय घ्यावा. अनामत, वर्गणी आणि अभ्यासिकेचे शुल्क यांचे आकडे ठरवावेत, शक्य तेथे शून्य करावेत, आणि मोठ्या अक्षरांत दाराबाहेर लावावेत. उघडण्याची व बंद होण्याची वेळ त्याच फळ्यावर लिहावी आणि त्या वेळेला दार खरोखर उघडे आहे की नाही, हे आठ दिवस एखाद्या सभासदाने न सांगता जाऊन पाहावे. ग्रंथपाल आजारी पडला तर किल्ली कोणापाशी असेल, तेही त्याच सभेत ठरवावे. त्यानंतर भाजीच्या गाडीपाशी जावे.